पंप पदराआड कशाला?

अगं, "हिला काही झालेलं नाही, फार मनाला लावून घेते" असं घरात कुणी म्हटलं की तू दम्याचा पंप पदराआड धरून परसात जातेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज जरा स्पष्टच बोलते.

मनाचा आणि दम्याचा संबंध आहेच. रडू आलं, चिडचिड झाली, अगदी खो खो हसलीस तरी श्वास भराभर चालतो आणि आधीच सुजलेल्या श्वासनळ्या आवळतात. १८८६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉ. मॅकेन्झी यांनी गुलाबाचा त्रास असलेल्या एका बाईपुढे चक्क नकली गुलाब धरला, तरी तिला धाप लागली. १९६८ साली अमेरिकेतच दम्याच्या ४० रुग्णांना नुसत्या मिठाच्या पाण्याची वाफ दिली आणि सांगितलं, यात त्रास देणारं काहीतरी आहे. १९ जणांच्या नळ्या खरोखरच आवळल्या, यंत्रावर मोजून पाहिलं होतं. म्हणजे मनातून उठलेला दमा सोंग नसतो बाई. नळ्या खऱ्याच आवळतात आणि त्यांना औषधही खरंच लागतं.

आणि नळ्यांची सूज भांडणातून येत नाही. तुमच्या हसनाबादेत दिवाळीच्या सुमारास काय काय एकत्र येतं बघ. मक्याच्या मळणीचा भुसा, घरात रचलेला कापूस, चुलीत पऱ्हाट्यांचा धूर आणि वर फटाके. त्यातच पाहुणे, कापसाच्या भावाची काळजी, कुणाचा तरी टोमणा. मग दम लागला की टोमणा तेवढा लक्षात राहतो, धूर विसरला जातो. एकेकाळी मोठमोठे मनोविश्लेषकही दमेकरी मुलाचा दोष आईच्या मायेला द्यायचे. बाईच्या माथी मारणं सोपं असतं, दुसरं काय!

आता उपायांचं बघ. मृगाला हैदराबादेत बथिनी कुटुंबाकडे तोंडात औषध भरलेली जिवंत मासोळी गिळायला हजारो माणसं जातात. तुझ्या घरीही तो विषय निघेल. जाऊन आलेल्यांना बरं वाटत असेल, मी खोटं म्हणत नाही. पण २०११ साली एका अभ्यासात दमेकऱ्यांना कधी खरा पंप दिला, कधी औषध नसलेला. दोन्ही वेळा त्यांना जवळपास सारखंच बरं वाटलं. फुंकर मोजली तेव्हा खऱ्या पंपाने ती सुमारे २० टक्के वाढलेली, खोट्याने जेमतेम साडेसात, आणि काहीच दिलं नाही तेव्हाही जवळपास तेवढीच. मला यातलं हेच भयंकर वाटतं. बरं वाटतं म्हणून माणूस औषध सोडतो, आणि आत नळ्या अजून आवळलेल्याच असतात.

तेव्हा सूज उतरवणारा रोजचा पंप बरं वाटलं तरी मनानेच बंद करायचा नाही. त्याची सवय लागते ही नुसती आवई. जीव घाबरला, ओठ-बोटांना मुंग्या आल्या, छातीत शिट्टी नाही, तर ती घाबरगुंडीही असू शकते. पण ओळखता येईना तर आराम देणारा पंप घे, ताठ बस, श्वास हळूहळू सोड. एक वाक्य धड पुरं होईना किंवा पंपाने उतार पडेना, तर घरच्यांच्या होकाराची वाट न बघता १०८ ला फोन लाव. आणि धडधडीवर कुणी गोळी लिहून दिली तर आधी दमा असल्याचं सांग. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीने दमा एकदम उसळू शकतो.

मनातलं साचलेलंही बोलायला हवंच. मला फोन कर, नाहीतर १४४१६ वर टेली-मानसला. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. भोकरदनच्या दवाखान्यात मात्र पुढच्या वेळी सासूबाईंना बरोबर ने. पंप कसा ओढायचा ते डॉक्टरांना त्यांच्यासमोरच दाखवायला सांग, आणि चुलीच्या धुराचा विषयही डॉक्टरांनाच काढू दे.