घाटातली तालीम

मुंबई-आग्रा रस्ता शहापूर सोडून पुढे निघाला, की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. आटगाव येते, डाव्या हाताला तानसा अभयारण्याचे साग आणि ऐन यांचे रान पसरलेले असते. त्या रानाच्या पोटात तानसा तलाव आहे. त्याचा सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध १८९२ साली पूर्ण झाला आणि तेव्हापासून तेथील पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईची तहान भागवीत आले आहे. मुंबईकराला तानसा ठाऊक असतो तो नळाच्या तोटीपाशी. तलावाच्या काठी वसलेल्या पाड्यांची त्याला क्वचितच ओळख असते.

अलीकडे सुटीच्या दिवशी पहाटे या रस्त्यावर सायकलस्वार दिसू लागले आहेत. डोक्यावर शिरस्त्राण, मागे लुकलुकणारा तांबडा दिवा, सायकलीच्या दांडीला पाण्याच्या दोन बाटल्या. कोणी खर्डीवरून कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी गाठतो, कोणी मुरबाड-टोकावडे या वाटेने माळशेज घाटाकडे वळतो. कसाऱ्याचा चढ किती अवघड आहे, हे रेल्वेगाडीवरून कळते. कसारा ते इगतपुरी या पंधरा-सोळा किलोमीटरांत तिला सुमारे तीनशे मीटर वर चढावे लागते आणि त्यासाठी मागून जादा इंजिने जोडावी लागतात. सायकलस्वाराला मागून ढकलणारे कोणी नसते.

हे सर्वच केवळ हौसेने बाहेर पडलेले नसतात. यांच्यातील काहीजण एखाद्या सत्कार्यासाठी निधी जमविण्याकरिता दूरच्या फेरीची तयारी करीत असतात. ‘मी इतके किलोमीटर सायकल चालवीन, तुम्ही या कार्याला साहाय्य करा,’ असे ते लोकांना सांगतात. एकदा लोकांनी पैसे दिले, की ती फेरी एकट्या स्वाराची राहत नाही. अर्ध्या वाटेवर ‘आता जमत नाही’ असे म्हणणे मग फार जड जाते.

घाट चढून गेल्यावर पुढे नाशिक लागते. तेथील डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली असेच एक काम अंगावर घेतले. थोरले भूलतज्ज्ञ, धाकटे दंतवैद्य. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकलशर्यत १९८२ पासून भरत आली आहे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. दोघांच्या संघाला ते नऊ दिवसांच्या आत तोडावे लागते. घड्याळ एकदा सुरू झाले, की जेवणासाठी थांबत नाही, झोपेसाठीही नाही. महाजन बंधूंनी आपल्या संघाला ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’, म्हणजे आदिवासींसाठी दृष्टी, असे नाव दिले होते.

नावात दृष्टी हा शब्द का यावा, हे डोंगरातील पाड्यावर गेल्यास कळते. भारतात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे आहे. डोळ्यातील स्वच्छ भिंग वयोमानाने गढूळ होत जाते आणि जग धुक्यात बुडाल्यासारखे दिसू लागते. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविणारी शस्त्रक्रिया बहुधा अर्ध्या तासाच्या आतच उरकते. परंतु पाड्यावरील म्हातारीला दवाखान्यापर्यंत जायचे, तर गाडीभाडे हवे, सोबतीला मुलगा हवा. मुलगा गेला की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय भीती असतेच. मग म्हातारी भिंतीला हात लावीत घरातल्या घरात वावरू लागते. अर्ध्या तासाचे काम वर्षानुवर्षे राहून जाते.

अशा दूरच्या फेरीची तयारी कशी करतात? नवशिक्याला वाटते, रोज जीव तोडून वेग घ्यावा. अनुभवी माणूस नेमके उलट सांगतो. तयारीचा फार मोठा भाग सावकाश चालविण्याचा असतो. शेजारच्या स्वाराशी न धापता बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवायचा. असे तासन्‌तास चालविल्याने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि शरीर साठविलेली चरबी इंधन म्हणून अधिक चांगल्या रीतीने वापरू लागते. हा बदल चार दिवसांत होत नाही. त्याला महिने लागतात. म्हणून आठवड्याचे अंतर थोडे थोडेच वाढवितात आणि मध्येच एखादा आठवडा मुद्दाम हलका ठेवतात. शरीर बळकट होते ते विश्रांतीत, ही गोष्ट उत्साही माणसाला पटवून देणे सर्वांत कठीण.

घाटात आणखी एक धडा मिळतो. यकृतात आणि स्नायूंत साठविलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत सरत येते. पहाटे चहा पिऊन निघालेला नवखा स्वार खर्डीपर्यंत मजेत येतो; कसाऱ्याला त्याला भूक नसते, म्हणून तो काही खात नाही. घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणावर एकाएकी त्याचे पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि सायकल हाती धरून चालत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शहाणा स्वार भूक लागण्यापूर्वीच खातो. दर तासाला एखादे केळे, गुळाची चिक्की किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा. पाण्याचेही तसेच. या दमट हवेत घाम अंगावरून निथळतो, पण लवकर वाळत नाही. त्यामुळे अंग थंड होत नाही. पाण्याबरोबर मीठही निघून जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालावी लागते.

तालीम पुरी झाली की नाही, हे पाहण्यासाठी ठराविक मुदतीच्या फेऱ्या असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. तेथे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला मान नाही. मुदतीत पोहोचलेले सारे सारखेच. चाकात खिळा घुसला, तर रात्री दोन वाजताही आपणच नळी बदलायची.

अमेरिकेतील त्या शर्यतीत घाटातले सर्व धडे एकदम पुढे येतात. ओशनसाइड या गावी प्रशांत महासागराकडे पाठ करून स्वार निघतात आणि लवकरच वाळवंटात शिरतात. तेथे हवा इतकी कोरडी, की घाम आलेला कळतही नाही. तहानेवर विसंबून राहणारा फसतो. पुढे रॉकी पर्वतातील वुल्फ क्रीक खिंड ३,३०० मीटरांहून उंच आहे. इगतपुरीजवळचे आपले कळसूबाई १,६४६ मीटरांचे. त्याच्या दुप्पट उंचीवर विरळ हवेत सायकल चढवायची! त्यानंतर कॅन्ससची सपाटी. सपाटी म्हटली की सोपी वाटते. पण तेथे आडव्या वाऱ्याला अडवायला झाड नसते. शेवटी, अंगातली शक्ती सरत आली असताना, अॅपलाचियन डोंगरांचे चढ-उतार.

दोघांपैकी एक भाऊ रस्त्यावर असे, तेव्हा दुसरा मोटारीत जेवून घेई आणि जमेल तेवढी झोप काढी. रात्री मागून मोटार दिव्यांच्या प्रकाशात वाट दाखवीत येई. ती चालविणारे, नकाशा पाहणारे, बाटल्या भरून देणारे सोबतीही त्यांच्याइतकेच जागत होते; वर्तमानपत्रात त्यांची छायाचित्रे सहसा येत नाहीत. रात्रंदिवस मिळून ताशी सुमारे तेवीस किलोमीटरांचा वेग पडला. अटलांटिक किनाऱ्याजवळील अॅनापोलिस येथे महाजन बंधू पोहोचले, तेव्हा घड्याळात आठ दिवस, चौदा तास आणि पंचावन्न मिनिटे झाली होती. मुदत संपायला अजून नऊ तास आणि पाच मिनिटे बाकी होती.