प्रतिकृतीवरील उघड्या धातूची कांती

प्लॅस्टिकची लहान विमानप्रतिकृती करणाऱ्याला हिरवा, करडा किंवा मातकट रंग फारसा छळत नाही. मूळ विमानावर रंगाचा थर होता आणि प्रतिकृतीवरही रंगाचाच थर द्यावयाचा असतो. खरी अडचण येते ती ज्या विमानावर रंगच नव्हता, ज्याचा पत्रा उघडा ठेवलेला होता, अशा विमानाची प्रतिकृती करताना. तेथे रंगाच्या साहाय्याने रंगाचा अभाव दाखवावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या चंदेरी रंगाचे दोन हात दिले की काम भागले, अशी समजूत नवशिक्यांत आढळते. तिचे फळ म्हणजे गच्चीवरील पाण्याच्या टाकीसारखे दिसणारे विमान.

चंदेरी रंग आणि उघडा धातू यांत फरक का पडतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. गुळगुळीत ॲल्युमिनियम आपल्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी सुमारे नऊदशांश प्रकाश परत फेकते, आणि तो बऱ्याच अंशी आरशाप्रमाणे, एका निश्चित दिशेने फेकते. त्यामुळे उघड्या धातूला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाच्या पाठीवर आकाशाची निळाई उतरते आणि पोटावर जमिनीचा तपकिरी किंवा हिरवा रंग दिसतो. चंदेरी रंगात मात्र धातूचे असंख्य सूक्ष्म पापुद्रे तेलात किंवा लाखेत तरंगत असतात. रंग वाळताना ते आडवेतिडवे बसतात, आणि प्रत्येक पापुद्रा प्रकाश वेगळ्या दिशेला पाठवतो. परिणामी चकाकी विखुरते आणि पृष्ठभाग करडा, दाणेदार दिसतो.

यात प्रमाणाचा प्रश्नही आहे. प्रतिकृती मूळ विमानाच्या एक बहात्तरांश आकाराची असेल आणि रंगातील पापुद्रा २० मायक्रॉन रुंदीचा असेल, तर मूळ विमानाच्या हिशेबाने तो जवळजवळ दीड मिलिमीटर रुंदीचा ठरतो. एवढ्या मोठ्या टिकल्यांनी मढवलेले विमान कोणी कधी पाहिलेले नाही. म्हणून प्रतिकृतीसाठी जो धातुरंग निवडावयाचा त्याचे पापुद्रे शक्य तितके सूक्ष्म हवेत. त्याचा चंदेरीपणा किती आहे ही बाब नंतरची.

आता मूळ पत्र्याविषयी. विमानासाठी शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ पडते. जर्मन धातुवैज्ञानिक आल्फ्रेड विल्म यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तांबे, मॅग्नेशियम व मँगॅनीज यांची अल्प मात्रा घातलेला जो मिश्रधातू शोधला, तो ड्युरालुमिन. तो बळकट खरा, पण दमट हवेत आणि विशेषतः समुद्राजवळ लवकर गंजतो. यावर उपाय म्हणून १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मिश्रधातूच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवण्याची पद्धत निघाली. असा पत्रा अल्क्लाड या नावाने ओळखला जातो. प्रतिकृतिकारांमध्ये याच नावाचे धातुरंग प्रसिद्ध आहेत. नावातील साम्यामुळे दोहोंचा घोटाळा करू नये. दुसऱ्या महायुद्धातील रंगविरहित विमाने पाहताना आपल्याला दिसते ती या शुद्ध थराची कांती होय.

युद्धाच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेच्या लष्करी विमानांना वरून मळकट हिरवा व खालून करडा रंग दिला जात असे. शत्रूच्या विमानदलाचा जोर ओसरू लागला तसे लपण्याचे महत्त्व कमी झाले. रंगाचे वजन, तो देण्यास लागणारा वेळ आणि मजुरी हा भार निष्कारण वाटू लागला. १९४४ च्या प्रारंभापासून कारखान्यांतून लढाऊ व बाँबफेकी विमाने उघड्या पत्र्यानिशी बाहेर पडू लागली. बी-२९ सुपरफोर्ट्रेस आणि पी-५१ डी मस्टँग ही त्यांतील सर्वपरिचित विमाने.

मस्टँगचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे, कारण ते वाटते तितके उघडे नव्हते. या विमानाच्या पंखांचा छेद असा आखलेला होता की त्यावरून वाहणारी हवा शक्य तितक्या मोठ्या भागापर्यंत खळबळ न होता सरकावी. रिव्हेटचे बारीकसे डोके किंवा दोन पत्र्यांमधील फट यांनीही या प्रवाहात बिघाड होतो. म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागातील रिव्हेट व सांधे लांबी भरून बुजवले जात, ते घासून सपाट केले जात, आणि पंखावर ॲल्युमिनियमयुक्त रंगाचा हात दिला जाई. धड मात्र उघडे राही. शेपटीवरील दिशासुकाणू कापडाने मढवलेले असे, आणि त्यावरही चंदेरी लेप असे. वैमानिकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून त्याच्या पुढ्यातील नाकाड्याचा वरचा पट्टा निस्तेज हिरव्या रंगाचा केलेला असे.

म्हणजे एकाच विमानावर उघडा पत्रा, चंदेरी रंग दिलेला पत्रा आणि चंदेरी लेप दिलेले कापड असे तीन प्रकारचे चंदेरी एकत्र नांदत होते. ज्या प्रतिकृतीवर पंख आणि धड सारखेच लखलखतात आणि पंखांवर रिव्हेटच्या ओळी ठळकपणे उमटवलेल्या असतात, ती दिसायला कितीही मोहक असली तरी मस्टँगची नव्हे. अशा कामात विनोदाचा भाग असा की, चंदेरी रंग धातूसारखा दिसत नाही म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, तोच येथे पंखांवर तंतोतंत योग्य ठरतो.

लखलखाट किती असावा, हा यापुढचा आणि अधिक वादाचा प्रश्न. नुकतीच कल्हई केलेले पातेले आणि सहा महिने चुलीवर चढलेले तेच पातेले यांत जो फरक असतो, तोच कारखान्यातून निघालेल्या आणि आघाडीवर राबलेल्या विमानांत असतो. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा लगेच चढतो. शिवाय ऊन, पाऊस, तेलाचे शिंतोडे, मेकॅनिकांच्या बुटांचे ओरखडे यांनी पत्रा मंद होत जातो. आज हवाई प्रात्यक्षिकांत उडणारी जुनी मस्टँग विमाने मालकांनी हौसेने घासून आरशासारखी केलेली असतात. त्यांची रंगीत छायाचित्रे सहज मिळतात, आणि बहुतेक प्रतिकृती त्यांच्यावरूनच बनतात. १९४४ च्या इंग्लंडमधील ओल्या तळांवर असे दर्पण क्वचितच उभे असेल. प्रतिकृती जर त्या काळाची साक्ष म्हणून ग्रंथालयाच्या किंवा शाळेच्या कपाटात ठेवावयाची असेल, तर ही चूक लहान म्हणता येत नाही. पाहणारा मुलगा ते विमान तसेच होते असे समजून घरी जातो.

उलट दिशेची फसगत भारतात अधिक होते. चौकात किंवा संस्थेच्या आवारात उभारलेल्या निवृत्त विमानांवर दर काही वर्षांनी चंदेरी रंगाचे नवे हात चढतात, आणि त्यांवरून मूळ पत्र्याची कल्पनाच येत नाही. मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात आले. त्याच्या एका प्रकाराची जुळणी नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात होऊ लागली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ सेवेतून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास या विमानांवर घाईने हिरवे-मातकट पट्टे ओढले जाण्यापूर्वी ती उघड्या धातूच्या रूपात वावरत. त्यांच्या नाकावरील शंकू आणि उभ्या पंखाचे टोक हिरवे असे, कारण रेडिओलहरी आरपार जाव्यात म्हणून हे भाग धातूचे नसत. त्यांना धातूची कांती देणे ही उघड चूक होय.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्या काळची कृष्णधवल छायाचित्रे निरखावीत. पत्र्यात शेजारच्या माणसाचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते की नुसता उजळ डाग दिसतो? पंखावरील बोधचिन्हाच्या कडेपाशी पृष्ठभाग चकाकतो की सपाट दिसतो? लगतचे दोन पत्रे एकाच प्रकाशात एक गडद व एक फिका दिसतात काय? अशा प्रश्नांची उत्तरे कोणत्याही रंगपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष कृतीत तयारीलाच सर्वाधिक वेळ द्यावा लागतो. निस्तेज हिरवा रंग सांध्यावरील खोट झाकून घेतो. धातूची कांती ती दहापट वाढवून दाखवते. दोन भागांचा सांधा लांबीने भरून वाळल्यावर तो पाणी लावून बारीक काचकागदाने घासावा. ४०० क्रमांकाच्या कागदाने सुरुवात करून ८००, १२०० व शेवटी २००० पर्यंत जावे. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण नाहीशा झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. घासताना बुजलेल्या सांध्यांच्या कोरीव रेषा टोकदार सुईने पुन्हा उघडाव्यात. मग प्रतिकृती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, धूळ नसलेल्या जागी वाळू द्यावी, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी तिला स्पर्श करू नये. बोटांच्या तेलकटपणाचा ठसा आज दिसत नाही. धातुरंग चढल्यावर तो हमखास दिसतो.

यानंतर अस्तर. कसलेले कारागीर चकचकीत काळ्या रंगाचे अस्तर देतात. धातूचे पापुद्रे अतिशय पातळ थरात दिलेले असल्याने अस्तराचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा वर उतरतो, आणि काळा रंग मधल्या फटींतून येणारा विखुरलेला प्रकाश शोषून घेतो. अस्तर काचेसारखे झाले तर वरची कांती आरशाजवळ जाते. ते किंचित करडे व कमी चकचकीत ठेवले तर वापरलेला पत्रा मिळतो. एकाच धातुरंगाच्या बाटलीतून मस्टँगचे धड व पंख निराळे करण्याचा हा सोपा मार्ग आहे. अस्तर पूर्ण वाळण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि ही वाट पाहणेच बहुतेकांना जमत नाही. कच्च्या अस्तरावर धातुरंग दिला की खालचा थर विरघळतो व बारीक भेगा पडतात.

धातुरंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोताने रंग उडवणाऱ्या लेखणीने द्यावा. कुंचल्याचे फराटे येथे लपत नाहीत. झोताचा दाब कमी, सुमारे १२ ते १५ पौंड ठेवून धुक्यासारखे पातळ हात द्यावेत. काळे अस्तर झाकले जाताच थांबावे. त्यापुढे दिलेला प्रत्येक हात चकाकी वाढवण्याऐवजी कमी करतो.

पत्र्यापत्र्यांतील फरक दाखवण्यासाठी काही चौकोन कमी चिकट पट्टीने आखून घेऊन, मूळ रंगात काळ्याचा किंवा तपकिरीचा एखादा थेंब मिसळून त्यांवर पुसट हात द्यावा. हा फरक कल्पनेने नव्हे तर छायाचित्रावरून ठरवावा. पत्रा गिरणीतून लाटून निघताना त्यावर एका दिशेने बारीक कण उमटतात, आणि विमानावर ते कधी आडवे तर कधी उभे बसवले जातात. एवढ्यानेच लगतचे पत्रे वेगळे दिसतात. म्हणून छटांचा भेद डोळ्यांत भरण्याइतका असू नये. प्रदर्शनांत ठेवलेल्या कित्येक प्रतिकृती बुद्धिबळाच्या पटासारख्या दिसतात.

रंगाऐवजी खरा धातूच लावण्याची पद्धत जुनी आणि अनेकांच्या मते अजूनही सर्वश्रेष्ठ आहे. मिठाईवर किंवा मूर्तीवर वर्ख लावणाऱ्यांना हे तंत्र परके वाटणार नाही. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल साधारण १६ मायक्रॉन जाडीची मिळते. एक बहात्तरांश प्रमाणात ही जाडी मूळ विमानावर सव्वा मिलिमीटरच्या आत-बाहेर होते, आणि त्या काळच्या विमानांचा पत्राही एक-दीड मिलिमीटरच्याच घरात असे. येथे प्रमाण आपोआप जुळते. फॉइलच्या मागे पातळ डिंकाचा हात देऊन तो चिकचिकीत झाला की एकेका पत्र्याएवढा तुकडा जागेवर ठेवावा, कापसाच्या बोळ्याने मध्यापासून कडेकडे घोटत न्यावा, आणि कोरीव रेषेवरून नव्या पात्याने उरलेला भाग कापावा. बोथट पाते फॉइल कापत नाही, फाडते. सपाट व एकाच दिशेने वाकलेल्या भागांवर हे काम सुखाने होते. पंख व धड यांच्या जोडावरील खोलगट भागात मात्र फॉइलला सुरकुत्या पडतात, तेथे लहान तुकडेच वापरावेत. अतिबारीक पोलादी लोकरीने तुकडा एका दिशेने हलकेच घासला की लाटलेल्या पत्र्याचे कण मिळतात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात अंडी उकडली की ते आतून काळवंडते, हे घरोघरी ठाऊक आहे. त्याच रीतीने अंड्यांबरोबर उकळलेली फॉइल करडी होते, आणि जुन्या पत्र्याची छटा रंगाचा थेंबही न वापरता साधते.

इंजिनाच्या धूरनळ्या पोलादाच्या असतात, त्यांना ॲल्युमिनियमची कांती देऊ नये. तापलेले पोलाद प्रथम गवती पिवळे, मग तपकिरी, जांभळे आणि निळे होते. या छटा पारदर्शक रंगाच्या पुसट थरांनी याच क्रमाने द्याव्यात. रंग उडालेला दाखवण्यासाठी सर्वत्र चंदेरी ठिपके देण्याची सवय येथे सोडावी लागते. उघड्या पत्र्यावरून उडण्यासारखे काहीच नसते. असे ठिपके नाकाड्यावरील हिरव्या पट्ट्यावर शोभतात, आणि मस्टँगच्या पंखावर रंग उडाला तर खाली पत्र्याआधी लांबीचा निस्तेज थर दिसू शकतो. सांध्यांच्या रेषा ठळक करण्यासाठी काळ्याऐवजी पातळ गडद करडा रंग घ्यावा.

बोधचिन्हे चिकटवताना संपूर्ण प्रतिकृतीवर पारदर्शक वार्निश फिरवणे टाळावे, कारण त्याखाली धातूची कांती पुन्हा चंदेरी रंगासारखी बोथट होते. जेथे चिन्ह बसावयाचे तेवढ्याच जागेवर वार्निशचा पातळ हात पुरतो. चिन्हाभोवतीचा पारदर्शक काठ आधीच कापून टाकलेला असावा, आणि चिन्ह वाळेपर्यंत प्रतिकृती पोटाखालच्या चाकांवर उभी ठेवून तिला हात लावू नये.