‘पिशवी काढून टाका’ असे सांगितले तर

गेल्या महिन्यात अमरावतीतल्या एका वस्तीत वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या बायका विहारातच थांबल्या होत्या. विषय बचत गटाच्या हप्त्यांचा होता. एका ताईने हप्ता पुढे ढकलून मागितला आणि वर नवे कर्जही मागितले. कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मले पिशवी काढा लागते म्हनते डॉक्टर. चाळीस हजार सांगतले.”

वय तेहतीस. दोन लेकरे, नसबंदी झालेली. पाळीत खूप अंगावर जाते, पांढरे जाते, कंबर दुखते. काय तपासले, असे आम्ही विचारले. “सोनोग्राफी केली. सूज हाये म्हने. ठेवली तं कॅन्सर होईन.”

तिथे बसलेल्या बायकांपैकी तिघींनी लगेच सांगितले, आमचीही काढलेली आहे. त्यातल्या एकीची तर एकोणतिसाव्या वर्षी. पिशवीबरोबर अंडाशयही काढले का, हे त्या तिघींपैकी दोघींना माहीत नव्हते. पोट उघडले त्यांचे, पैसे दिले त्यांनी आणि आतून काय नेले हे त्यांनाच ठाऊक नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो, पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया वाईट नाही. कर्करोग असेल, फार मोठ्या गाठी असतील, कोणत्याच औषधाला रक्तस्राव दाद देत नसेल, तर तीच बाईचा जीव वाचवते. आमचे म्हणणे एवढेच की ती शेवटची पायरी आहे. आपल्या वस्त्यांत ती पहिली पायरी होऊन बसली आहे.

हा आजार आजचा नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार निघाली आणि त्याआधी कधी अंगावरची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणे जवळपास प्रत्येकीला आणि तपासणी जवळपास कोणालाच नाही. बाई वर्षानुवर्षे सहन करते. सहन होईनासे झाले की एकदम ऑपरेशनच्या टेबलावर जाते. मधल्या साऱ्या पायऱ्या गाळल्या जातात.

पुढे काय होते ते बीडने दाखवले. तिथल्या ऊसतोड मजूर बायकांच्या बातम्या २०१९ साली बाहेर आल्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा पडला की दंड. फडात ना संडास, ना पाणी. अशा ठिकाणी पाळी म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात डॉक्टर म्हणतो काढून टाका, कॅन्सर होईल. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा बायकांमागे एक! देशभराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. आपल्या वऱ्हाडात उसाचा कोयता नाही. पण कापूस वेचणी आहे, सोयाबीनची सोंगणी आहे, वीटभट्टी आहे, चार घरची धुणीभांडी आहेत. खाडा आपल्याकडेही पडतो.

बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अशाच प्रकरणांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. अनावश्यक शस्त्रक्रिया झालेल्या बायका बहुसंख्येने अनुसूचित जाती, जमाती आणि मागास वर्गातल्या होत्या, हे त्या याचिकेत मांडले होते. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. केंद्राने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, देखरेखीसाठी समित्या असाव्यात आणि अनावश्यक किंवा नीट समजावून न सांगता पिशवी काढणारे रुग्णालय काळ्या यादीत टाकावे, असा आदेश झाला. ही गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत असली पाहिजे. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे.

आता ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ या वाक्याकडे येऊ, कारण सगळी भीती तिथेच आहे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू अनेकींना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात टिकतो त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे किंवा अधिक लागतात. नुसते पांढरे जाते किंवा सोनोग्राफीत ‘सूज’ लिहून आली म्हणजे कर्करोग जवळ आला, असे नाही. बरे, भीती वाटत असेल तर तिला उत्तर आहे, आणि ते उत्तर आपल्यासारख्याच बायकांच्या वस्त्यांतून निघाले आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर प्रशिक्षण दिलेल्या दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या. साधन काय, तर व्हिनेगरसारखे पातळ अ‍ॅसिटिक आम्ल. ते गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. पेशी बिघडलेल्या असतील तर जागा पांढरी दिसते. या साध्या तपासणीमुळे त्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २००९ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. तिथे आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी ज्या गावांतल्या आणि वस्त्यांतल्या बायकांची तपासणीच केली नाही त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीका पुढे डॉक्टरांमधूनच झाली. आम्हालाही ती टीका रास्त वाटते. गरिबांच्या अंगावर ज्ञान मिळवले, तर त्याचा पहिला लाभ गरिबांना मिळाला पाहिजे. निदान तो आपण आता मागून तरी घेऊ या.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी ही तपासणी दर पाच वर्षांनी करायची आहे. अमरावतीत डफरीन म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, अकोल्यात लेडी हार्डिंगमध्ये किंवा सर्वोपचारमध्ये चौकशी करा. वस्तीतल्या आशाताईला विचारा. पाळी संपल्यावर जावे. दुखत नाही, भूल लागत नाही. आणि डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे समजून रडत घरी येऊ नका. पुढची तपासणी करतात आणि गरज असेल तर तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून नष्ट करतात. पिशवी जागेवर राहते.

पांढरे जाण्याचे कारण बहुधा जंतुसंसर्ग असतो. त्यावर गोळ्यांचा उपचार आहे आणि अनेकदा नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. इथेच गाडी अडते. बाई गोळ्या संपवते, नवरा घेत नाही, महिन्याभरात तक्रार परत, आणि मग सगळे म्हणतात औषधाने गुण येत नाही, काढूनच टाका. पुरुष मंडळींनी हे पान उलटून जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

जास्त अंगावर जाण्याचेही तसेच. आधी कारण शोधावे लागते. थायरॉइड आहे का, गाठ आहे का, केवढी आहे, कुठे आहे? चाळिशीच्या पुढे किंवा डॉक्टरांना शंका असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात. मग औषधे. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने कुटुंबनियोजनासाठी मिळणारी गोळीही डॉक्टर जास्त रक्तस्रावावर वेगळ्या मात्रेत देतात. अंगणवाडीतून आणून मनाने मात्र घेऊ नये. आणि हार्मोनची तांबी आहे. साध्या तांबीने अंगावर जाणे वाढू शकते, म्हणून बायका नाव ऐकताच नको म्हणतात. ही वेगळी. हिच्यातून रोज थोडे औषध पिशवीत झिरपते आणि स्राव कमी होतो. इंग्लंडमध्ये ५७१ बायकांवर याचा अभ्यास झाला. साध्या गोळ्यांपेक्षा या तांबीने रोजचे जगणे जास्त सुधारले, असे २०१३ साली दिसले. दहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हा त्यातल्या बहुतेकींवर शस्त्रक्रियेची वेळ आलेली नव्हती.

अंग बाहेर येत असेल तर सुरुवातीला व्यायाम आणि रिंग बसवणे हे उपाय आहेत. पिशवी न काढता ती वर बांधण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाने त्या जगभरच्या पुस्तकांत शिकवतात.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर अंडाशयांचे काय करणार हे आधी विचारा. अमेरिकेत २९,३८० परिचारिकांचा २४ वर्षे पाठपुरावा करून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढलेल्या बायकांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी दिसला, पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही जास्त झाले. ऐन तिशीत अंडाशये काढली तर अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होणे हे म्हातारपणाचे भोग तरुणपणी सुरू होतात. निंदायला वाकणाऱ्या बाईला हाडे गमावणे परवडत नाही. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे हे त्रास काहीशा लवकर सुरू होऊ शकतात, हेही लक्षात असू द्या.

आपल्या समाजासाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो. थकवा, सांधे दुखणे, रक्त कमी असणे याचे कारण तोही असू शकतो. सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना आणि शस्त्रक्रियेनंतर विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून कोणत्याही ऑपरेशनआधी तपासणी झालीच पाहिजे. घरात कोणाला असेल किंवा तुमच्याकडे कार्ड असेल, तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरला दाखवा, लपवू नका. सोयरिकीसाठी लपवलेले कार्ड ऑपरेशनच्या दिवशी जिवावर बेतू शकते. रक्त कमी असण्याचे तर विचारूच नका. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आहेत.

सहीबद्दलही सांगतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. कागद तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवलाच पाहिजे. बाईच्या देहाचा निर्णय बाईकडे असावा हा विचार आपल्याकडे उसना आलेला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या ठरावावर बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले होते. नको असलेले बाळंतपण टाळण्याची सोय बाईच्या हाती असली पाहिजे, हा त्याचा आशय होता. तो ठराव त्या दिवशी फेटाळला गेला.

हे वाचून कोणी दवाखाना लांबणीवर टाकू नये. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाऊ लागले किंवा घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर सणवार, लग्नकार्य काही बघू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या.

त्या ताईला घेऊन आमच्यातल्या दोघी डफरीनला गेल्या. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. सिकलसेल नव्हता. पिशवीत एक लहान गाठ होती. तोंडाची तपासणी केली, डाग दिसला नाही. लोहाच्या आणि स्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. संसर्गाच्या गोळ्या दोघांसाठी दिल्या आणि नवऱ्याने, थोडे कुरकुरत का होईना, त्या पूर्ण केल्या. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. तोपर्यंत गाठ वाढली किंवा गुण आला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होईल, असे डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर चित्र काढून समजावले. बचत गटाकडे मागितलेले चाळीस हजार तिने घेतले नाहीत. तपासणीच्या दिवशी बुडालेल्या मजुरीपोटी मंडळाने तिला साडेतीनशे रुपये दिले. पुढच्या खेपेला वस्तीतल्या आणखी अकरा जणींनी नावे दिली आहेत. त्यात तिची सासूही आहे.