कण्याचे दोन बंध

हिंगणघाटच्या बाजारांत कापसाचें ओझें वाकून उचलणाऱ्या हमालाच्या कमरेंत कळ निघून ती पायांत कां उतरते? मणक्यांमधील गादीस मागून आवरणारा पहिला अस्थिबंध, ती उभी पट्टी, कमरेपाशीं अरुंद होते. भार मात्र तेथेंच अधिक. म्हणून फाटलेल्या गादीचा गर बहुधा पट्टीच्या कडेनें निसटून मज्जातंतूचें मूळ दाबतो. हें १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं दाखविलें. पाठीकडून शिरतांना शस्त्रवैद्य मणक्यांच्या कमानी जोडणारा दुसरा, पिवळा व लवचिक बंध उघडतो. त्याच्या आंतच मज्जेचें वेष्टन असल्यानें हात जपावा लागतो. बहुतेक रोगी शस्त्राविनाच बरे होतात. तथापि ज्याचें पोट पाठीवर अवलंबून, त्यानें गुडघे वाकवूनच ओझें उचलावें.