सँडिंग बेल्ट : वापर, निगा आणि धुळीचा बंदोबस्त

सुताराचा रंधा आणि लोहाराची कानस ही हत्यारे शतकानुशतके आपापल्या जागी राहिली. फळी गुळगुळीत करणे हे एकाचे काम, लोखंडाची कोर मारणे हे दुसऱ्याचे. विजेची मोटर खेड्यापर्यंत पोहोचल्यावर या दोहोंच्या जोडीला एकच यंत्र येऊन बसले. दोन रोलरांवरून अखंड फिरणारा खरखरीत पट्टा, हे त्याचे स्वरूप. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकाम, जोडारी व संधाता या व्यवसायांच्या कार्यशाळांत, फर्निचरच्या कारखान्यांत आणि तालुक्याच्या गावी ग्रिल-दरवाजे तयार करणाऱ्या शेडमध्ये हा सँडिंग बेल्ट पाहावयास मिळतो. नाव वाळूचे असले, तरी आजच्या पट्ट्यात वाळू नसते. एकाच यंत्रावर सकाळी सागवानी फळी आणि दुपारी लोखंडी पट्टी घासता येते, ही त्याची मोठी सोय होय. त्याचा मोठा धोकाही याच सोयीतून उद्भवतो.

पट्ट्याची घडण

कापडाच्या किंवा जाड कागदाच्या पाठीवर राळेचा एक थर, त्यावर कठीण कण आणि ते घट्ट धरून ठेवणारा राळेचा दुसरा थर, अशी या पट्ट्याची रचना असते. कण चिकटविताना विद्युतभाराचा उपयोग करून ते टोकावर उभे केले जातात. त्यामुळे प्रत्येक कण एखाद्या सूक्ष्म पटाशीप्रमाणे कापतो. पट्टा घासतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो कापतो. हे एकदा ध्यानात आले, की वापराचे निम्मे नियम आपोआप उलगडतात.

कणांचे प्रकार अनेक आहेत. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा तपकिरी पट्टा लाकूड व साधे पोलाद या दोहोंना चालतो आणि स्वस्तही पडतो. सिलिकॉन कार्बाइड हा अधिक कठीण पण ठिसूळ पदार्थ. एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाने १८९१ मध्ये तो कृत्रिम रीतीने तयार केला. काच, दगड व पितळेसारखे लोहेतर धातू यांच्यासाठी तो उपयुक्त ठरतो. झिर्कोनियायुक्त पट्टा पोलादाच्या जड कामासाठी असतो. पुरेसा दाब मिळाला, तरच त्याचे कण तुटून नवी धार उघडी होते. हलक्या हाताने वापरल्यास तो उलट गुळगुळीत होऊन बसतो. महाग पट्टा आणला आणि तो लवकर निकामी झाला, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

लाकडासाठी कणांची पेरणी विरळ असलेला पट्टा घ्यावा, म्हणजे भुसा मधल्या जागेतून निघून जातो. सागाच्या अंगचे तेल किंवा देवदाराची राळ दाट पेरणीच्या पट्ट्यात तत्काळ भरते. काही पट्ट्यांवर भुसा चिकटू नये म्हणून साबणासारखा लेप दिलेला असतो. पाठीवर छापलेल्या ‘पी ६०’, ‘पी १२०’ अशा आकड्यांवरून कणाची जाडी कळते. आकडा मोठा, तितका कण बारीक. ६०, ८०, १२०, १८० अशा पायऱ्यांनी गेल्यास प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचे ओरखडे पुसतो. ६० वरून थेट १८० वर उडी मारणाऱ्याला वेळ वाचल्याचे समाधान मिळते, परंतु पॉलिशचा हात फिरताच खोल ओरखडे उठून दिसतात.

वेग, दाब आणि धारेचे पाणी

पट्ट्याचा वेग मोटरवर व रोलरच्या व्यासावर अवलंबून असतो. हे गणित शाळेतील मुलांनाही करता येईल. १५ सेंटिमीटर व्यासाचा रोलर मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर थेट बसविला, तर पट्टा सेकंदाला सुमारे ११.३ मीटर धावतो. २८८० फेऱ्यांच्या मोटरवर २२.६ मीटर. साध्या पोलादाच्या भरड कामास सेकंदाला २५ ते ३० मीटर वेग मानवतो. हत्याराला धार लावण्यासाठी मात्र कमी वेगच बरा.

याचे कारण उष्णतेत आहे. कोयता, विळा किंवा पटाशी यांना लोहाराने पाणी दिलेले असते. वेगवान पट्ट्यावर पाते दाबून धरले, की पातळ कोर काही क्षणांतच तापते. पोलादावर प्रथम गवती पिवळा रंग चढतो, तो सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला. ३०० अंशांच्या आसपास पोलाद निळे पडते. निळ्या पडलेल्या कोरेचे पाणी उतरले असे समजावे. असा कोयता दिसायला चकचकीत असतो, पण उसाच्या फडात धार धरत नाही आणि मजुराचा दिवस वारंवार धार लावण्यात जातो. म्हणून पाते पट्ट्यावर क्षणभरच टेकवावे, लगेच पाण्यात बुडवावे आणि बोटाला सोसेल इतपतच तापू द्यावे. लाकडावरही अधिक दाबाने करपल्याचे काळे पट्टे उमटतात.

पट्टा चढविताना आतील बाजूचा बाण यंत्राच्या फिरण्याच्या दिशेशी जुळविणे आवश्यक आहे. एकावर एक चढविलेला जोड उलट दिशेने फिरला, तर उकलून पट्टा तुटतो. काम टेकविण्याचा आधार व पट्टा यांत दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक फट नसावी. सैल बाही, ओढणी, हातातील कडे व अंगठी यांना या यंत्राजवळ थारा देऊ नये.

पावसाळ्यातील साठवण

उत्पादकांच्या शिफारशीनुसार पट्टे १८ ते २२ अंश तापमानात आणि ४५ ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवावयाचे असतात. कोकणात आषाढ-श्रावणात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि विदर्भात वैशाखात पत्र्याच्या शेडखाली अगदी उलट स्थिती असते. ओलाव्याने पट्टा ताणतो, कागदी पाठ वळते आणि रोलरवरून पट्टा सरकू लागतो. अतिकोरड्या हवेत तो कडक होऊन चिरतो. खोके फरशीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून न ठेवता लाकडी फळीवर, बंद कपाटात ठेवावे. वापरण्यापूर्वी पट्टा एक दिवस मोकळा टांगावा. तो खिळ्याला टांगू नये, कारण तेथे पडलेली घडी पुढे तुटण्याची जागा ठरते. १० सेंटिमीटर जाडीच्या पाइपाचा तुकडा भिंतीत बसविला, तरी हे काम भागते. लाकडाच्या भुशाने भरलेला पट्टा चालत्या यंत्रावर कच्च्या रबराचा ठोकळा धरून साफ करता येतो. धातूने झिजलेल्या पट्ट्याला हा उपाय लागू पडत नाही.

धूळ आणि ठिणगी

लाकडाची धूळ निरुपद्रवी, असा समज अद्याप कायम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवास निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या घटकांत केला. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातील मुख्य. जितका पट्टा बारीक, तितकी धूळ सूक्ष्म आणि तितकी ती फुप्फुसात खोल जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. भारतीय मानक ९४७३ प्रमाणे तयार केलेला मुखवटा आणि पट्ट्याच्या मुखाशीच धूळ ओढून घेणारा पंखा, हे दोन्ही हवेत. दिवसाअखेर कॉम्प्रेसरच्या हवेने शेड झाडण्याची पद्धत तर बसलेली धूळ पुन्हा श्वासात आणते.

शाळांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. सुट्टीत जुनी बाके व खिडक्या घासून नवा रंग देण्याचा प्रघात आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर मर्यादित करणारे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केले. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते. असा रंग पट्ट्याने कोरडा घासल्यास शिशाची धूळ वर्गात पसरते, आणि शिशाचा अपाय लहान मुलांना सर्वाधिक होतो. तेथे रंग ओला करून हाताने खरवडणे व फरशी ओल्या कापडाने पुसणे श्रेयस्कर.

आता ठिणगीविषयी. पोलाद पट्ट्यावर टेकताच ठिणग्या उडतात. त्याच यंत्राच्या पिशवीत सकाळचा भुसा साठलेला असला, तर एखादी ठिणगी त्यात शिरून तासन् तास धुमसत राहते आणि शेड बंद झाल्यावर, रात्री पेट घेते. ॲल्युमिनियमची भुकटी तर त्याहून भयंकर. ती लोखंडाच्या गंजाबरोबर मिसळल्यास प्रखर उष्णतेने जळते आणि हवेत उडालेली असताना तिचा स्फोट होऊ शकतो. म्हणून लाकूड, पोलाद व ॲल्युमिनियम यांची धूळ एका पिशवीत कधीही जाऊ देऊ नये. साध्या लोखंडावर वापरलेला पट्टा स्टेनलेस स्टीलवर लावला, तर त्यात रुतलेल्या कणांमुळे पुढे गंजाचे ठिपके उमटतात, हे आणखी एक नुकसान.

धूळ निवारणाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आणि डोळ्यांच्या संरक्षणाची कलम ३५ मध्ये होती. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान दहा कामगार असल्याखेरीज तो ‘कारखाना’ ठरत नसे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या वीस धरली आहे. दोन-तीन माणसांची गावातील शेड या व्याख्येत बसत नाही, आणि बेल्ट यंत्र तर तेथेही चालते. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी व प्रशिक्षण संस्थेच्या निदेशकांनी स्वतः जाऊन चार गोष्टी समजावून सांगण्यास पर्याय नाही. प्रशिक्षणासाठी यंत्र खरेदी करतानाही धूळ ओढणारा पंखा ‘नंतर पाहू’ म्हणून यादीतून वगळला जातो. तो यंत्राच्याच मागणीपत्रात असावा.

दोन यंत्रे घेणे शक्य नसेल, तेथे कामाचा क्रम तरी ठरवून घ्यावा. लाकडावरून धातूकडे आणि धातूवरून लाकडाकडे वळताना प्रत्येक वेळी पिशवी व नळी रिकामी करावी, पट्टा बदलावा, आणि काढलेली धूळ झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून इमारतीबाहेर ठेवावी. धातूचे काम संध्याकाळी न ठेवता सकाळीच उरकावे, म्हणजे त्यानंतर काही तास तरी शेडमध्ये माणसांचा वावर राहतो.