रुक्मिणीची कथा आणि कथेचे घटक



सहावी ते आठवीच्या वर्गात कथानक, पात्रे, स्थळकाळ, संघर्ष यांच्या व्याख्या फळ्यावर उतरवून देण्याची रूढ पद्धत सोयीची असली, तरी तिच्यातून विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षेपुरते उत्तरच पडते. उलट एकच कथा निरनिराळ्या साहित्यप्रकारांतून त्यांच्यापुढे आली, तर कोणता घटक टिकतो आणि कोणता पालटतो हे त्यांना आपसूक दिसू लागते. नाचणगावच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेला अशी कथा दूर शोधावी लागत नाही, कारण वर्धा नदीकाठच्या ज्या कौंडण्यपुराहून आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते, ते परंपरेने तिचे माहेर मानले जाते.

रुक्मीने बहीण रुक्मिणीचा शिशुपालाशी ठरवलेला विवाह, तिने कृष्णाला धाडलेला निरोप आणि अंबिकेच्या देवळापाशी झालेले हरण या घटना कार्यकारणाने जोडल्या की कथानक होते, आणि मुलीची इच्छा व भावाचा हट्ट यांत जो ताण पडतो तो संघर्ष. तेराव्या शतकात कवयित्री महदंबेने ही कथा धवळ्यांत, म्हणजे विवाहप्रसंगी गायच्या गीतांत, गुंफली. त्याच शतकात कवी नरेंद्राने तिचे आख्यानकाव्य, म्हणजे कथा सांगणारे दीर्घ काव्य, केले, ज्यात वर्णनांसाठी कथा वारंवार थबकते. आणि 1571 मध्ये काशीत पूर्ण झालेल्या संत एकनाथांच्या ग्रंथात तोच विवाह जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक ठरतो. घटना जवळपास त्याच असूनही आशय, म्हणजे कथेतून उमटणारा मुख्य विचार, इतका बदलतो. (जुनी मराठी मुलांपुढे ठेवण्याचा आग्रह मात्र नसावा, शिक्षिकेने आजच्या भाषेत केलेले कथन पुरे.)

निवेदक, म्हणजे कथा सांगणारा, हा घटक समजावणे सर्वांत अवघड, आणि तेथे मुलांना लिहिते करण्यावाचून दुसरा उपाय नाही. हीच कथा त्यांनी पत्र, नाटक, बातमी अशा रूपांत लिहावी: रुक्मिणीच्या पत्रात भावाची बाजू फारशी येत नाही. नाटकात बहुधा निवेदक नसल्याने तिचा निश्चय संवादांतूनच प्रकट व्हावा लागतो. बातमीत तिच्या मनातले लिहिता येत नाही. युद्धात हरून केस-मिशा भादरल्या गेलेल्या रुक्मीच्या तोंडून हीच हकिकत लिहायला सांगितली, तर वर्ग आधी हसेल आणि मग खलपात्रालाही स्वतःचे म्हणणे असते, हे लिहिताना त्याच्या ध्यानात येईल. मूल्यमापनही या लेखनावरूनच व्हावे. आणि एखाद्याने शिशुपालाची बाजू मांडायची ठरवली, तर त्याला अडवू नये.