संदर्भामागचा ग्रंथ : हम्माम यांचा सहीफा

तुमचा महाविद्यालयात जाणारा मुलगा एके दिवशी विचारील, "हदीस तर प्रेषितांनंतर (स.) दोनशे वर्षांनी लिहिल्या गेल्या ना?" त्याच्यावर रागावू नका. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका विस्मृत वहीच्या शोधात आहे.

सहीह मुस्लिम उघडा. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या अनेक हदीसांपूर्वी एक ठरावीक शब्दयोजना आढळते. हम्माम इब्न मुनब्बिह म्हणतात, हे अबू हुरैरांनी आम्हांस सांगितले. मग त्यांनी काही हदीस नमूद केल्या, 'त्यांपैकी' ही एक. मदरशात शिकत असताना हे शब्द मी कितीदा तरी नुसते ओलांडून गेलो. त्या 'त्यांपैकी'मध्ये एक अख्खा संग्रह दडलेला आहे. इमाम मुस्लिम (रह.) सुचवीत आहेत की संग्रह मोठा आहे, त्यातली एकच हदीस येथे घेतली आहे.

हा संग्रह म्हणजे यमनचे हम्माम यांचा सहीफा. अबू हुरैरांचे (रजि.) निधन हिजरी ५८ च्या सुमारास झाले, तेव्हा हे श्रवण त्यापूर्वीचे. हम्माम यांच्याकडून मअमर आणि मअमर यांच्याकडून अब्दुर्रज्जाक, अशी ती वही पुढे गेली. इमाम अहमद (रह.) यांनी ती जवळजवळ सबंध आपल्या मुसनदमध्ये घेतली. मोठे ग्रंथ सर्वत्र पोहोचले, लहान वही मागे पडली.

मूळचे हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांना तिची हस्तलिखिते बर्लिन व दमास्कस येथे मिळाली. १९५३ मध्ये दमास्कसहून ती प्रसिद्ध झाली. एकूण हदीस १३८. मुसनदशी ताडून पाहता मजकूर बहुतांशी शब्दशः जुळतो.

येथे घाई मात्र नको. ही हस्तलिखिते हम्माम यांच्या हातची नव्हेत. शतकांनंतरच्या नकला आहेत. त्यांचे मोल निराळे आहे. त्यांची सनद इमाम अहमद यांच्यावरून येत नाही, तर अब्दुर्रज्जाक यांचे दुसरे शिष्य अहमद इब्न यूसुफ सुलमी यांच्यावरून येते. दोन शिष्य, दोन वाटा, आणि मजकूर एकच! म्हणजे अब्दुर्रज्जाक यांच्याकडून मिळालेले शब्द दोघांनीही जपले. त्याआधीच्या पायऱ्यांसाठी आपण सनदेवर, अर्थात त्या माणसांच्या विश्वासार्हतेवर, विसंबतो. मुलाला हेही सांगा. अर्धेच सांगून त्याला गप्प बसवू नका.

सहीफ्याचा उर्दू अनुवाद उपलब्ध आहे. शेजारी सहीह मुस्लिम ठेवून त्याच्यासह पाच-सहा हदीस ताडून पाहा. एका संध्याकाळचे काम आहे.